तळ्याच्या देवाचे पाय

ही गोष्ट इतकी जुनी आहे की ती कोणत्या राजाच्या काळातली, हे सांगणाऱ्यांनाही आठवत नाही. तेव्हा दोन टेकड्यांच्या मध्ये एक गाव होते, आणि गावाच्या डोक्यावर एक तळे होते.

डोक्यावर म्हणजे खरोखरच डोक्यावर. पूर्वजांनी एका टेकडीपासून दुसऱ्या टेकडीपर्यंत मातीचा उंच बांध घातला होता. बांधाच्या एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला, खाली, घरे. खालच्या आळीतल्या बायकांनी अंगणात उभे राहून मान वर केली, तर त्यांना आभाळाआधी बांध दिसे.

बांधाच्या मधोमध दगडी पायऱ्या पाण्यात उतरत होत्या. पायऱ्यांच्या कडेला माणसाएवढा एक दगड उभा होता. तो तळ्याचा देव. त्याला डोक्यापासून गुडघ्यापर्यंत शेंदूर लावलेला असे, आणि खाली दगडात कोरलेले पाय उघडे असत.

या देवाची एक रीत होती. पावसाळ्यात रोज सकाळी गुरव पायऱ्या उतरून देवाचे पाय पाही. पाणी पायांपर्यंत पोचले नसेल तर तो बांधावर येऊन मोठ्याने ओरडे, "पाय कोरडे!" ते ऐकून गाव निश्चिंत होऊन कामाला लागे. पाणी पायांना लागले तर त्याने ओरडायचे, "पाय धुतले!" मग सगळ्यांनी हातातले काम टाकून धावायचे आणि तळ्याची मोरी उघडायची. पाणी ओढ्याला सोडून द्यायचे.

ही रीत कोणी घातली ते कोणाला माहीत नव्हते. ज्यांनी बांध घातला त्यांनीच देव उभा केला, एवढेच जुनी माणसे सांगत.

त्या गावात एक जोशीबुवा होते. ते लबाड नव्हते, हे आधीच सांगितलेले बरे. त्यांनी ग्रहण सांगितले की त्याच दिवशी, त्याच घटकेला ग्रहण लागे. एकदाही चूक झाली नाही. त्यामुळे लोकांना वाटे, ज्याला सूर्यचंद्राचे कळते त्याला सगळेच कळत असणार. हळूहळू जोशीबुवांनाही तसेच वाटू लागले.

एके वर्षी त्यांनी आकाशात पाच ग्रह एका रांगेत आलेले पाहिले आणि सांगितले, "येत्या अमावास्येला हे जग बुडणार."

गाव घाबरले. लोकांनी बियाण्याचे धान्य दळून खाल्ले, गुरे सोडून दिली आणि पोराबाळांना घेऊन टेकडीवर जाऊन बसले. अमावास्या आली. दिवस मावळला, दुसरा उजाडला. कावळे नेहमीसारखे ओरडू लागले. खाली गाव जसेच्या तसे होते. फक्त चुली थंड होत्या.

जोशीबुवा म्हणाले, "गणित बरोबरच होतं. देवानं तारलं."

लोकांना ते पटले. ज्या देवाने जग वाचवले त्याचे पाय दर पावसाळ्यात गार पाण्यात भिजावेत, हे त्यांना बरे वाटेना. त्यांनी शेंदराचा जाड लेप देवाच्या पायांवरही चढवला. मग एक पायरी वर, हातभर उंचीवर, एक ओटा बांधला आणि त्यावर पितळी पादुका बसवल्या. म्हणाले, "आजपासून हे देवाचे पाय."

वीस वर्षांनी आकाशात शेपटीचा तारा आला. पुन्हा दिवस ठरला. पुन्हा बियाणे दळले, गुरे सोडली, टेकडी गाठली. पुन्हा कावळे ओरडले. पुन्हा लेप चढला, आणि पादुका आणखी एक हात वर गेल्या.

आणखी वीस वर्षांनी जोशीबुवांनी युगांची बेरीज मांडली. आता ते म्हातारे झाले होते. या वेळी अर्धेच गाव टेकडीवर गेले. उरलेले अर्धे घरातच आडवे पडून राहिले. जायचे असेल तर इथूनच जाऊ, म्हणाले. काही झाले नाही. लेप चढला. पादुका तिसऱ्यांदा हातभर वर गेल्या.

माणसे मरणाला भितात, हे तुम्ही ऐकले असेल. पण त्या गावातली माणसे मरायची तयारी करून करून थकली होती. तीनदा त्यांनी शेजाऱ्यांची क्षमा मागितली होती. तीनदा लेकरांना शेवटचे जवळ घेतले होते, आणि तीनदा खाली येऊन रिकाम्या कणग्यांसमोर बसली होती. या सगळ्यात बांधावर दरवर्षी माती टाकायची राहून गेली. आधी लोक म्हणाले, जगच बुडणार तर माती कशाला? मग म्हणाले, देव तारतोच आहे तर माती कशाला?

शेवटी पाटलांनी चावडीवर नियम केला. "यापुढे जो कोणी बुडणार, संपणार असं बोलेल, त्याला गाढवावर उलटा बसवून वेशीबाहेर काढू. मग तो कोणी का असेना."

लोकांनी मान डोलावली. त्यानंतर त्या गावात बायका पीठ संपले असे म्हणायलाही कचरत. "पीठ जरा कमी आहे हो," असे म्हणून शेजारणीकडे वाटी पुढे करत.

आता तुम्हाला पाटकरणीची ओळख करून देते. तळ्याचे पाणी पाटाने कोणाच्या शेतात किती वेळ सोडायचे, हे पाहणारी ती बाई. आधी तिचा नवरा हे काम करी. तो गेल्यावर त्याची पाटावरची काठी तिने हातात घेतली. तिचे घर खालच्या आळीत, बांधाच्या अगदी पायथ्याशी होते. त्या वर्षी तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते, पाय सुजले होते. ती उंबरा ओलांडतानाही चौकट धरी.

घरामागे, बांध जमिनीला टेकतो तिथे, थोडे पाणी झिरपे. फार पूर्वीपासून झिरपे. त्या ओलीवर पाटकरणीने अळू लावले होते. तिथले पाणी इतके स्वच्छ की खालचे खडे मोजता येत.

त्या वर्षी पाऊस चांगला लागला. तळे भरत चालले. एका सकाळी पाटकरीण अळू कापायला गेली आणि विळा हातात तसाच धरून थांबली. अळवाच्या मुळाशी पाणी गढूळ होते.

तिने एका वाटीत ते पाणी घेतले आणि फळीवर ठेवले. दुपारपर्यंत पाणी निवळले. तळाला मातीचा पातळ थर बसला होता, नखाएवढा.

दुसऱ्या दिवशी तिने दुसरी वाटी भरली. तिसऱ्या दिवशी तिसरी.

पाचव्या दिवशी लेक वैतागली. "आई, अगं सगळ्या वाट्या अडवून ठेवल्यास. आमटी काय ओंजळीत घेऊ?"

"इकडे ये. या पाच वाट्या बघ."

लेकीने भिंतीला धरत येऊन पाहिले. पहिल्या वाटीत नखाएवढा थर होता. पाचव्या वाटीत दोन बोटे होता.

"ही माती कुठली?" तिने विचारले.

"पाणी बांधातून येतं," पाटकरीण म्हणाली. "म्हणजे माती बांधातलीच."

लेक हसायला लागली, पण हसू अर्ध्यावर राहिले. "आई, तू पण जोशीबुवा झालीस की काय? असलं काही बाहेर बोलू नकोस हं. माझ्या बाळाची आजी गाढवावर बसलेली मला नाही बघायची."

 पाटकरणीने दोन वाट्या पदराखाली घेतल्या, पहिली आणि पाचवी, आणि ती चावडीवर गेली.

चावडीवर पाटील बसले होते. जोशीबुवा शेजारी पंचांग मांडीवर घेऊन डुलक्या काढत होते. आणखी पाचसात माणसे होती.

"बोल पाटकरणी," पाटील म्हणाले. "पण जपून बोल."

"जपूनच बोलते, पाटील. काही होणार आहे असं मी म्हणत नाही. जे झालंय ते दाखवायला आणलंय." तिने वाट्या पुढे ठेवल्या आणि अळवापासूनची सगळी हकिगत सांगितली.

कोपऱ्यातून कोणीतरी म्हणाले, "पूर्वी हे ग्रह बघायचे, आता ही वाट्या बघते. गाढवाला पाणी पाजून ठेवा रे!"

लोक हसले. त्या हसण्यातही जोर नव्हता. जोशीबुवांना जाग आली. ते पुटपुटले, "माझ्या गणितात यंदा काही नाही. मी आता दोनदा ताळा करून बघतो."

पाटलांनी वाट्यांकडे पाहिले, मग नजर काढून घेतली. "हे बघ बाई. तीन वेळा मी गोठ्यातले बैल सोडले. तिसऱ्या वेळचा पांढरा बैल अजून सापडला नाही. आता माझ्यात घाबरायची ताकदच उरली नाही बघ."

"मी घाबरायला नाही सांगत. चला आणि अळवाशी येऊन बघा, एवढंच सांगते. मोरी उघडून तीन हात पाणी कमी करा. माती यायची थांबली नाही तर मला खोटी म्हणा."

"तीन हात पाणी!" पाटील म्हणाले. "म्हणजे हिवाळ्याचा गहू गेला. किती वर्षांनी तळं असं भरलंय. लोक मला काय म्हणतील? नाही. रीत आहे ती आहे. गुरवबाबा पाय धुतले म्हणतील त्या दिवशी मोरी उघडेल. आज सकाळी काय म्हणाले ते?"

"पाय कोरडे," सगळे एकदम म्हणाले.

"झालं तर मग."

पाटकरीण वाट्या घेऊन उठली. तिला राग आला नव्हता. नुसती घरी जाऊन पडावेसे वाटत होते. पण घरी लेक होती, आणि घराच्या मागे बांध होता. म्हणून ती घराकडे न वळता गुरवाकडे गेली.

गुरवबाबा सत्तरीचे होते. ओसरीवर बसून तेलात शेंदूर कालवत होते. त्यांनी वाट्या पाहिल्या, सगळे ऐकून घेतले आणि बोट शेंदरात फिरवत राहिले.

"पाणी पादुकांच्या खाली हातभर आहे," शेवटी ते म्हणाले. "मग पाय धुतले असं मी कसं म्हणू? खोटं ओरडू?"

"खोटं नको, बाबा. पण ते पाय खरे आहेत का?"

गुरवाचे बोट थांबले.

"असं का विचारतेस?"

"माझ्या सासूबाई सांगायच्या. त्यांच्या लहानपणी देवाचे पाय दगडातच होते. बायका हळदीकुंकू वाहायला पार खालच्या पायरीपर्यंत उतरायच्या. मी या गावात आले तेव्हापासून मात्र मी पितळेचेच पाय बघते, आणि तेही दर खेपेला वर चढताना."

गुरवाने वर पाहिले नाही. "जा बाई. मला लेप द्यायचाय. माझा धर्म सोडून मला भलतंसलतं बोलायला लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरवाने हाक दिली, "पाय कोरडे!" पण हाक मध्येच चिरकली. खालच्या आळीत पाटकरणीने सहावी वाटी भरली. या वेळी थर वाटीच्या निम्म्यापर्यंत आला.

त्या दुपारी पावसाने थोडी उघडीप दिली, आणि गुरवबाबा काठी टेकत पाटकरणीच्या दारात आले. पाटकरीण शेतावर गेली होती. लेकीने घोंगडी अंथरली, गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

"मला अळू बघायचंय," ते म्हणाले.

ते एकटेच मागे गेले. अळवाशी उभे राहिले तेव्हा त्यांचे पाय घोट्यापर्यंत चिखलात गेले. गढूळ पाणी आता झिरपत नव्हते, बारीक धारेने येत होते. ते परत ओसरीवर आले. पण गूळ त्यांनी तोंडात टाकला नाही.

लेकीने विचारले, "बाबा, एक विचारू? राग मानू नका. देवाचे पाय खरंच कोरडे आहेत ना?"

म्हाताऱ्याने तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"मी का विचारते सांगू? मला टेकडी चढवत नाही आता. बाकीचे पळतील हो. मी दारापर्यंत जाते तरी धाप लागते. तुम्ही कोरडे म्हणालात की मी पाठ टेकते. तुमच्या हाकेवर झोपते मी, बाबा."

गुरवबाबा उठले. जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला म्हणून हात उचलला, आणि न ठेवताच मागे घेतला. त्या हाताला शेंदूर लागलेला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाव हाकेची वाट पाहत होते. पाऊस पुन्हा लागला होता. माणसे नांगर खांद्यावर घेऊन दारात उभी होती, बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. हाक आलीच नाही.

"म्हातारा आजारी पडला वाटतं," कोणी म्हणाले.

"बघून तरी येऊ," दुसरा म्हणाला, आणि एकेक करत सगळे बांधावर चढले.

गुरवबाबा पाण्यात होते. पायऱ्या उतरून ते कमरेइतक्या पाण्यात उभे होते. एका हाताने त्यांनी देवाचा दगड धरला होता आणि दुसऱ्या हातात खुरपे होते. पाण्याखाली ते काहीतरी खरवडत होते, आणि पाण्यावर शेंदराच्या लाल खपल्या तरंगत होत्या.

"अहो बाबा! काय करताय हे?" पाटील ओरडले. "देवाला खुरपं लावताय?"

"पाप! पाप!" लोक ओरडले. दोघेतिघे त्यांना ओढायला पाण्यात उतरू लागले.

"थांबा!" गुरव म्हणाला. त्याला धाप लागली होती. "मला मारायचं तर नंतर मारा. म्हातारा आहे, पळून कुठे जाणार? आधी ऐका."

लोक थांबले. म्हातारा दगडाला टेकला.

"लहानपणी माझे आजोबा मला इथे आणायचे. देवाचे पाय धुवायला लावायचे. दगडाचे पाय. दहा बोटं होती, मी मोजायचो. पहिल्यांदा तुम्ही पादुका वर नेल्यात तेव्हा मी तरुण होतो, आणि माझे वडील म्हणाले, लोक घाबरलेत, नेऊ दे. दुसऱ्यांदा मीच म्हणालो, नेऊ दे. तिसऱ्यांदा मला काही वाटलंसुद्धा नाही. देवाचे पाय तीन हात वर गेले आणि मी रोज सकाळी तुम्हाला सांगत राहिलो, कोरडे, कोरडे. मी खोटं बोलत नव्हतो. पण खरंही बोलत नव्हतो."

मग त्याने खुरपे पायरीवर ठेवले. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. माझ्यावर ठेवला, जोशीबुवांवर ठेवला, झाला तेवढा पुरे. पाण्यात या. वाका. हात लावून बघा."

कोणी हलेना. पाऊस पडत होता. सगळ्यांच्या आधी पाटकरीण उतरली. ती वाकली, हनुवटीपर्यंत पाण्यात गेली आणि तिने हात खाली नेला. 

"अंगठा," ती म्हणाली. "हा अंगठा. त्याच्या शेजारी बोट. अजून एक. पाण्यानं गुळगुळीत झालेत."

मग पाटील उतरले. त्यांनी फेटा काढून दुसऱ्याच्या हातात दिला. देवाच्या पाया पडताना माणूस वाकतो तसेच ते वाकले, आणि त्यांच्या तोंडातून सवयीने देवाचे नाव बाहेर पडले. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता.

त्यांच्यामागून एकेक जण उतरला. प्रत्येक जण वाकून पाण्याखाली चाचपडत होता. कोणी पाया पडत होते, कोणी खात्री करून घेत होते, आणि बांधावर उभे राहून पाहणाऱ्याला त्यात काही फरक दिसत नव्हता.

सर्वांत शेवटी जोशीबुवा आले. दोघांनी त्यांना धरून उतरवले. त्यांनी पाय चाचपले, मग काठी पाण्यात उभी धरून वरच्या पादुकांपर्यंतचे अंतर मोजले. दोनदा मोजले.

"तीन हात," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पाणी पायांवर दोन हात चढलंय. हे गणित मला आधी करता आलं असतं. काठी तर माझ्याकडे रोजच होती."

गुरवबाबा पायऱ्या चढून बांधावर आले. ओल्या अंगाने थरथरत त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पन्नास वर्षांत त्या गावाने ऐकली नव्हती ती हाक दिली.

"पाय धुतले!"

माणसे मोरीकडे धावली. मोरीचे लाकडी बूच इतक्या वर्षांत फुगून दगडात घट्ट बसले होते. अकरा जणांनी दोर लावून ओढले. दोर तुटला, दुसरा आणला. दुपारी बूच निघाले आणि पाणी गर्जत ओढ्याला लागले.

पाणी तीन दिवस वाहत होते. लोक ओढ्याच्या काठी उभे राहून आपला हिवाळ्याचा गहू वाहून जाताना पाहत होते. कोणी पाटकरणीशी बोलले नाही.

चौथ्या दिवशी पाणी देवाच्या पायांखाली उतरले. पाटकरणीने अळवाशी वाटी भरली. संध्याकाळपर्यंत ती फळीवर होती, आणि तळाला काहीच बसले नाही. त्याच दिवशी लेकीला मुलगी झाली.

पाचव्या दिवशी टेकड्यांवर ढग फुटला. तळे भराभर चढले, पण मोरी उघडी होती. पाणी पायांना लागले, घोट्यापर्यंत आले आणि थांबले. बांध उभा राहिला.

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण माणसे थकलेली असली की टळलेले संकट त्यांना दिसत नाही. पाऊस सरला, पेरणीची वेळ आली, तळ्यात पाणी कमी होते. लोक आपसात बोलू लागले.

"काय झालं शेवटी? काही नाही झालं."

"बांध तर उभाच आहे."

"म्हणजे ही चौथी वेळ म्हणायची. तीन वेळा जोशीबुवा, एकदा पाटकरीण."

पाटकरणीच्या कानावर ते आले. ती नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती. "बोलू देत," ती म्हणाली. "उन्हाळ्यात पाणी खाली जाईल. तेव्हा बांध स्वतःच बोलेल."

उन्हाळ्यात पाणी खाली गेले. बांधाचे आतले अंग उघडे पडले. एका सकाळी पाटकरीण पाटलांना घेऊन पायऱ्या उतरली. देवाच्या दगडी पायांच्या वर साधारण हातभर, बांधात एक बीळ होते. साळिंदराने कधी तरी कोरलेले असावे. पाटलांनी त्यात आपली काठी घातली. काठी पूर्ण आत गेली. त्यांनी खांद्यापर्यंत हात घातला. हात कशालाही टेकला नाही. आतली माती वाहून पोकळी झाली होती, वासरू उभे राहील एवढी.

पायांच्या खाली मात्र बांध दगडासारखा घट्ट होता. ज्यांनी तो बांधला होता, त्यांनी तेवढ्याच उंचीपर्यंत माती चोपून बसवली होती, आणि जिथे त्यांचा भरवसा संपत होता नेमके तिथेच त्यांनी देवाचे पाय कोरले होते.

पाटील पायरीवर बसले. 

"आमचा देव आम्हाला रोज सांगत होता," ते म्हणाले. "आणि आम्ही त्याच्या तोंडावर शेंदूर थापत होतो."

"तोंडावर नाही, पाटील," पाटकरीण म्हणाली. "पायांवर."

त्या उन्हाळ्यात प्रत्येक घरातून रोज एक टोपली माती बांधावर गेली. त्या वर्षी गव्हाची पोळी कोणाच्याच ताटात नव्हती. लोकांनी नाचणीवर दिवस काढले, कुरकुर केली, आणि तरी टोपल्या वाहिल्या. पितळी पादुका खाली आणून दगडी पायांच्या शेजारी ठेवल्या. गुरव देवाला शेंदूर लावत राहिला, पण गुडघ्यापर्यंतच. जोशीबुवा ग्रहणे सांगत राहिले, आणि ती बरोबर निघत राहिली. जग कधी बुडेल असे कोणी विचारले, तर ते काठी पुढे करत आणि म्हणत, "ही पोचते तेवढंच मी सांगतो." चावडीवरचा गाढवाचा नियम पाटलांनी मोडला. त्याऐवजी एकच ठरले. जो काही होणार म्हणेल, त्याने ते बघायला कुठे यायचे हेही सांगावे.

पुढच्या पावसाळ्यात गुरवबाबांना पायऱ्या उतरवेनात. ते बांधावर बसून राहत आणि गावातले कोणी ना कोणी रोज आळीपाळीने खाली उतरून, वाकून, दगडी पायांना हात लावून येई. मगच हाक उठे.

"पाय कोरडे!"

आणि खालच्या आळीत, पुन्हा माहेरी आलेली पाटकरणीची लेक आपल्या मुलीला कुशीत घेऊन पाठ टेके.

तात्पर्य: भीतीपोटी देवाचे पाय उंच नेऊ नयेत, कोणालाही वाकून हात लावून पाहता येतील, तिथेच ते असू द्यावेत.